विरळ हवेतील कार्ब्युरेटर

पेट्रोलवर चालणारे इंजिन पेट्रोल खाते, असे आपण सहज बोलून जातो. परंतु वजनाने पाहिले तर त्याचा मुख्य आहार हवा हाच आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल टाकीत भरून बरोबर नेता येते. हवा मात्र जेथे जाऊ तेथली घ्यावी लागते. त्यामुळे मैदानी मुलुखात उत्तम चाललेली जीप किंवा मोटारसायकल हिमालयातील एखाद्या खिंडीच्या चढावर अडखळू लागते, काळा धूर सोडते आणि थ्रॉटल पूर्ण उघडूनही पुढे सरकत नाही. इंजिन बिघडले, असा चालकाचा समज होतो. वास्तविक इंजिन होते तसेच असते. बदललेली असते ती हवा. हा बदल किती होतो, कार्ब्युरेटरला तो का कळत नाही आणि त्यातील ‘जेट’ नावाचा लहानसा भाग बदलून त्यावर कितपत उपाय करता येतो, याचा विचार आपण या प्रकरणात करणार आहोत.

उदाहरणासाठी एक निश्चित ठिकाण डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. छत्तीसगडमध्ये रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिलतरा हे औद्योगिक गाव आहे. स्पंज आयर्नच्या कारखान्यांसाठी ते ओळखले जाते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३०० मीटर आहे. भारतातील बहुसंख्य वाहनांचे कार्ब्युरेटर अशाच सखल प्रदेशात जुळवले गेलेले असतात. सिलतऱ्यातील गॅरेजमध्ये नीट लावून घेतलेली एक ३५० घन सेंटिमीटरची मोटारसायकल लडाखच्या वाटेला निघाली आहे, अशी आपण कल्पना करू.

हवेचे वजन

हवेला वजन असते आणि उंचीबरोबर तिचा दाब कमी होतो, ही गोष्ट सतराव्या शतकात प्रयोगाने सिद्ध झाली. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिये पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्युई द दोम या डोंगरावर चढला. पायथ्याशी पारा जेवढा उंच उभा होता त्यापेक्षा शिखरावर तो सुमारे ८ सेंटिमीटर खाली आला. डोंगरावर आपल्या डोक्यावरील हवेचा थर कमी जाडीचा असतो, म्हणून त्याचा भारही कमी पडतो.

हवा दाबली जाणारी वस्तू असल्यामुळे दाब कमी झाला की ती पसरते, म्हणजे विरळ होते. समुद्रसपाटीला, प्रमाण मानलेल्या हवामानात, एक घनमीटर हवेचे वजन १.२२५ किलोग्रॅम असते. ३,५०० मीटरवर, म्हणजे लेह शहराच्या उंचीवर, ते सुमारे ०.८६ किलोग्रॅम भरते. खारदुंग ला ही खिंड त्याहून बरीच वर आहे. तेथील जुन्या पाटीवर तिची उंची ५,६०२ मीटर दिलेली असे. आधुनिक मोजणीप्रमाणे ती सुमारे ५,३६० मीटर आहे. एवढ्या उंचीवर घनमीटरमागे जेमतेम ०.७१ किलोग्रॅम हवा उरते.

आपल्या मोटारसायकलीचा सिलिंडर प्रत्येक शोषण-धावेला पुरता भरतो असे धरू. सिलतऱ्याला त्यात सुमारे ०.४२ ग्रॅम हवा येते आणि तिच्यासाठी २८ मिलिग्रॅम पेट्रोल पुरेसे होते. खारदुंग ला येथे त्याच सिलिंडरात, तेवढ्याच जागेत, सुमारे ०.२५ ग्रॅम हवा मावते. तिला १७ मिलिग्रॅम पेट्रोल पुरे आहे. प्रश्न असा की, कार्ब्युरेटर तेथे १७ मिलिग्रॅमच देतो काय?

मोजमाप कशाचे होते?

याचे उत्तर मिळवण्यासाठी कार्ब्युरेटरची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. त्याच्या एका भागात, फ्लोट चेंबरमध्ये, पेट्रोलची पातळी कायम राखलेली असते. दुसऱ्या भागातून इंजिनाकडे जाणारी हवा वाहते. या मार्गाचा मधला भाग मुद्दाम अरुंद केलेला असतो. त्याला व्हेंचुरी म्हणतात. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तेथील दाब घटतो. फ्लोट चेंबरमधील पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो; व्हेंचुरीत तो कमी असतो. या फरकामुळे पेट्रोल वर ढकलले जाते आणि फवाऱ्याच्या रूपाने हवेत मिसळते. वाटेत त्याला पितळेच्या एका लहान तुकड्याच्या बारीक छिद्रातून जावे लागते. हाच जेट होय. छिद्र जेवढे मोठे, तेवढे पेट्रोल अधिक.

ही योजना साधी आणि सुंदर आहे. परंतु तिच्यात एक उणीव आहे. समजा हवा पूर्वीच्या निम्म्याने विरळ झाली आणि तिचा वेग तोच राहिला. आता हवेचे वजन निम्मे आणि व्हेंचुरीतील ओढही निम्मी. पण जेटमधून वाहणारे पेट्रोल ओढीच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. ते ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. म्हणजे हवा ५० टक्क्यांवर आली तरी पेट्रोल सुमारे ७१ टक्क्यांवरच थांबते. दोघांचे प्रमाण बिघडते आणि पेट्रोल वरचढ होते.

आपल्या उदाहरणात सिलतऱ्याचा जेट खारदुंग ला येथे १७ ऐवजी सुमारे २२ मिलिग्रॅम पेट्रोल देईल. हे पेट्रोल गरजेपेक्षा जवळजवळ ३० टक्क्यांनी अधिक आहे. पेट्रोल अधिक झालेल्या मिश्रणाला आपण ‘गाढ’ आणि कमी पडलेल्या मिश्रणाला ‘पातळ’ म्हणू. गॅरेजमध्ये यांनाच ‘रिच’ आणि ‘लीन’ म्हणतात.

गाढ मिश्रणाने केवळ पेट्रोल वाया जाते असे नाही. न जळलेल्या इंधनाची काजळी प्लगवर बसते आणि ठिणगी दुबळी होते. ओले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेते. शिवाय अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक प्रमाणात निर्माण होतो. उंचावर माणसाच्या रक्ताला प्राणवायू आधीच कमी मिळत असतो, म्हणून तेथे या वायूचा धोका दुणावतो. बर्फामुळे रस्ता अडला असता काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून जीपमध्ये ऊब घेत बसणे हे प्राणावर बेतू शकते. कार्ब्युरेटर बिनचूक असला तरीही असे करू नये. तो गाढ मिश्रण देत असेल तर मुळीच करू नये.

सिलतऱ्याचा उन्हाळा

उंची बदलली की लगेच जेट बदलला पाहिजे काय? याचे उत्तर सिलतऱ्यातच मिळते. हवा विरळ होण्यास उंची हे एक कारण आहे, तसेच उष्णता हेही आहे. जानेवारीतील थंड पहाटे तापमान १० अंश असताना तेथे घनमीटरभर हवेचे वजन सुमारे १.२० किलोग्रॅम असते. मे महिन्यातील ४५ अंशांच्या दुपारी ते सुमारे १.०७ किलोग्रॅमवर येते. प्रमाण हवामानात ही घनता साधारण १,४०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीवर आढळते. सिलतऱ्यातील वाहन जागचे न हलता हिवाळा ते उन्हाळा एवढ्या अवधीत एक मोठा घाट चढून जाते, असे म्हटले तरी चालेल.

या फरकाने मिश्रणात सुमारे ६ टक्के बदल होतो; तरीही ऋतूगणिक कोणी जेट बदलत नाही. इंजिन एवढा चढउतार सहन करते. यावरून एक व्यावहारिक नियम काढता येतो. हजार-बाराशे मीटरपर्यंतच्या फरकासाठी जेटला हात लावण्याचे कारण नाही. सरगुजा भागातील मैनपाटचे पठार सुमारे १,०८० मीटर उंच आहे. सिलतऱ्याहून तेथे जाणाऱ्याला फार तर मंद गतीचा स्क्रू किंचित फिरवावा लागेल. मुंबईहून पुण्याला किंवा महाबळेश्वरला जाणाऱ्यालाही हेच लागू आहे.

सिलतरा आणखी एक गोष्ट शिकवते. जेथे धूळ अधिक, तेथे एअर फिल्टर लवकर तुंबतो. तुंबलेला फिल्टर हवेला अडवतो, कार्ब्युरेटरमधील ओढ वाढवतो आणि मिश्रण गाढ करतो. लक्षणे उंचीवरच्या लक्षणांसारखीच दिसतात. म्हणून धूर दिसला की प्रथम फिल्टर तपासावा आणि मगच जेटचा विचार करावा.

जेटचे गणित

पेट्रोलचे प्रमाण पूर्ववत करायचे तर जेटमधून जाणारा प्रवाह हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी केला पाहिजे. ढोबळ मानाने, दर हजार मीटर चढाला ५ टक्के घट, हा आकडा लक्षात ठेवण्यास सोपा आहे.

येथे जेटवरील आकड्याचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. काही कार्ब्युरेटरांत, उदाहरणार्थ अमल बनावटीच्या, हा आकडा ठराविक परिस्थितीत मिनिटाला किती घन सेंटिमीटर इंधन वाहते ते सांगतो. इतर अनेक बनावटींत तो छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. दोन्हींवर १०० हाच आकडा असला तरी त्यांचा हिशेब वेगळा होतो. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून व्यासाच्या आकड्यात प्रवाहाच्या आकड्याच्या सुमारे निम्मीच टक्केवारी घटवावी लागते. सिलतऱ्याला १०० क्रमांकाचा जेट योग्य आहे असे धरले, तर हिशेब असा येतो :

मैनपाट (१,०८० मीटर) : प्रवाहाप्रमाणे ९६, व्यासाप्रमाणे ९८
मनाली (२,०५० मीटर) : प्रवाहाप्रमाणे ९२, व्यासाप्रमाणे ९६
लेह (३,५०० मीटर) : प्रवाहाप्रमाणे ८५, व्यासाप्रमाणे ९२
खारदुंग ला (५,३६० मीटर) : प्रवाहाप्रमाणे ७७, व्यासाप्रमाणे ८८

हे आकडे प्रमाण हवामानासाठी आहेत आणि ते दिशा दाखवण्यापुरते वापरावेत. व्यवहारात हिशेबापेक्षा थोडा मोठाच जेट बसवणे शहाणपणाचे असते. त्यात इंधनाच्या एका नव्या बदलाची भर पडली आहे. अलीकडे देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे अशा मिश्र इंधनाच्या एका ग्रॅमला साधारण १३.५ ग्रॅमच हवा पुरते. निव्वळ पेट्रोलसाठी जुळवलेला जुना कार्ब्युरेटर या इंधनावर आपोआप सुमारे ८ टक्के पातळ मिश्रण देतो. डोंगरावर येणारा गाढपणा त्यामुळे काही अंशी आपोआप भरून निघतो; म्हणून जुन्या कोष्टकावर विसंबून जेट फार लहान करणे धोक्याचे ठरेल.

काम करण्याचा क्रम

कार्ब्युरेटरमध्ये एकच जेट नसतो. थ्रॉटल मिटलेला किंवा थोडा उघडा असताना पायलट जेट आणि त्याचा स्क्रू काम करतात. पाव ते पाऊण उघडा असताना निमुळत्या सुईचे, म्हणजे नीडलचे, राज्य असते. त्यापुढे पूर्ण उघडेपर्यंत मुख्य जेटचा अंमल चालतो. चढावर पूर्ण थ्रॉटलला इंजिन गुदमरत असेल तर मुख्य जेट बदलावा. मधल्या गतीत अडखळत असेल तर नीडल पाहावी. उभ्या जागी नीट चालत नसेल तर पायलटकडे वळावे.

निदानाची एक सोपी कसोटी आहे. इंजिन गरम असताना, ज्या गतीत तक्रार आहे त्या गतीत चोक किंचित ओढावा. चोक हवा कमी करून मिश्रण गाढ करतो. इंजिन अधिकच बिघडले तर मिश्रण आधीच गाढ आहे. सुधारले तर ते पातळ आहे. दुसरा साक्षीदार म्हणजे प्लग. पूर्ण थ्रॉटलवर काही अंतर चालवून, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि ते निवल्यावर प्लग काढून पाहावा. कोरडी काळी काजळी गाढ मिश्रण दाखवते; भाजलेल्या बिस्किटासारखा रंग समाधानकारक असतो; पांढराफटक, फोड आलेला चिनी मातीचा भाग पातळ मिश्रणाची धोक्याची सूचना देतो.

मुख्य जेट एका वेळी एकाच पायरीने लहान करावा आणि प्रत्येक बदलानंतर चढावर चालवून पाहावे. नीडलच्या वरच्या टोकाशी खाचा असतात. तिची चिमटी एक खाच वर सरकवली की सुई खाली जाते आणि मिश्रण पातळ होते. पायलटच्या स्क्रूबाबत मात्र सावध असावे. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर सहसा हवा नियंत्रित करतो आणि बाहेर फिरवल्यास मिश्रण पातळ होते. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर सहसा इंधन नियंत्रित करतो आणि बाहेर फिरवल्यास मिश्रण गाढ होते. हा भेद न जाणता स्क्रू फिरवणारा मनुष्य रोग वाढवतो.

काही साध्या गोष्टी प्रवासाआधीच उरकाव्यात. इंजिन गार झाल्याशिवाय आणि पेट्रोलचा कॉक बंद केल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडू नये. जेट मऊ पितळेचे असतात. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर नसेल तर त्यांची खाच झिजते. छिद्र साफ करण्यासाठी तार कधीही घालू नये. तारेने छिद्र मोठे होते आणि जेटवरील आकडा खोटा ठरतो. मूळ जेट नावाची चिठ्ठी लावून जवळ ठेवावा. हा सल्ला क्षुल्लक वाटेल. पण परतीच्या वाटेवर तोच सर्वांत उपयोगी पडतो. हवा वाढावी म्हणून एअर फिल्टरच काढून टाकण्याची रीत मात्र पूर्णपणे टाळावी. हिमालयातील कोरडी बारीक वाळू सिलिंडर आणि पिस्टन घासून काढते, आणि ते नुकसान कोणत्याही जेटने भरून येत नाही.

उतरण्याचा प्रश्न

चढताना होणारी चूक इंजिन बहुधा माफ करते. उतरताना होणारी चूक माफ करीलच असे नाही. गाढ मिश्रण धूर देते, ताकद कमी करते, पेट्रोल उडवते. पण जादा पेट्रोलाच्या बाष्पीभवनाने सिलिंडर थंडही राहतो. भारावर चाललेल्या इंजिनात पातळ मिश्रण याच्या उलट वागते. ज्वलनाची उष्णता वाढते, इंजिन ठोकू लागते, आणि भार फार काळ राहिला तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो किंवा त्याचा माथा वितळून छिद्र पडते.

आता आपल्या मोटारसायकलीकडे परत येऊ. खारदुंग ला येथे ७७ क्रमांकाचा जेट बसवून ती पलीकडे नुब्रा खोऱ्यात उतरली, तर सुमारे ३,१०० मीटरवर तिला ८७ चा जेट हवा असतो. मिश्रण तेथे ११ टक्क्यांहून अधिक पातळ होईल. तशीच ती मैदानात आली तर पेट्रोल जवळजवळ चतुर्थांशाने कमी पडेल. खिंडीच्या माथ्यावर प्रवासी अर्धा तास थांबतो, पण खोऱ्यात आणि मैदानात तो अनेक दिवस चालतो. म्हणून जेट माथ्यासाठी कधीही निवडू नये. ज्या उंचीवर वाहन अधिक काळ चालणार आहे, तिच्यासाठी निवडावा आणि माथ्यावरचा थोडा गाढपणा सोसावा. लडाखमध्ये काही आठवडे राहणाऱ्याने लेहच्या उंचीचा जेट बसवला तर तो योग्य ठरतो. केवळ चार-सहा दिवसांत जाऊन येणाऱ्याने मुख्य जेट न बदलता नीडल एक खाच उतरवली आणि स्क्रू जुळवला तरी बहुतेक वेळा निभते. मनालीच्या खाली उतरण्यापूर्वी मात्र मूळ जेट परत बसवलाच पाहिजे.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. जुन्या राजदूत किंवा येझदीसारख्या मोटारसायकलींत वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. जेट लहान केला की पेट्रोलाबरोबर तेलही कमी होते; म्हणजे उष्णता वाढते त्याच वेळी वंगण घटते.

जेट जे देऊ शकत नाही

जेट बदलल्याने मैदानातील ताकद परत मिळेल, अशी अपेक्षा बाळगू नये. ताकद जळणाऱ्या हवेच्या वजनावर अवलंबून असते, आणि खारदुंग ला येथे सिलिंडरमध्ये येणारी हवा सिलतऱ्याच्या सुमारे ६० टक्केच असते. योग्य जेट बसवला तरी ताकद त्याच सुमारास राहणार. जेट केवळ मिश्रणाचे बिघडलेले प्रमाण नीट करतो, आणि गाढपणामुळे वाया जाणारी उरलीसुरली ताकद वाचवतो. हे ध्यानी धरून चढावर ओझे कमी ठेवावे, खालचा गिअर वापरावा आणि इंजिनाला घाई करू नये.

आज हा विषय जुना होत चालला आहे. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी प्रारंभी कार्ब्युरेटरवर चालत असे. पुढे २००० च्या सुमारास तिला इंधन-अंतःक्षेपणाची, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची, योजना मिळाली. २०१६ मध्ये खास डोंगरी वाटांसाठी बाजारात आलेली रॉयल एनफील्ड हिमालयन हीसुद्धा सुरुवातीला कार्ब्युरेटरचीच होती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषण-मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. नव्या यंत्रणेत एक संवेदक हवेचा दाब सतत मोजतो आणि त्यानुसार पेट्रोलचे माप क्षणोक्षणी बदलतो. पेरियेने १६४८ मध्ये डोंगरावर नेलेल्या पाऱ्याच्या नळीचेच हे काम आहे. फक्त आता ते इंजिनातच बसवलेले आहे.

तथापि देशात कार्ब्युरेटरची असंख्य वाहने अजून धावत आहेत, आणि जुन्या जीप व बुलेट घेऊन हिमालयात जाणारे हौशी प्रवासीही कमी नाहीत. त्यांच्यापुरता या प्रकरणाचा सारांश असा : आधी फिल्टर तपासावा, हजार-बाराशे मीटरपर्यंत जेटला हात लावू नये, त्यापुढे थोडे आणि टप्प्याटप्प्याने बदलावे, माथ्यापेक्षा मुक्कामाच्या उंचीचा विचार करावा, आणि मैदानात उतरण्यापूर्वी मूळ जेट आठवणीने परत बसवावा.